कोणते पाटील?

तो माणूस माझ्या खांद्यावर झोपला तेव्हा गाडीनं मोन्झेन-नाकाचो सोडलं होतं. टोकियोची तोझाई लाइन, रात्रीचे सव्वादहा. चाळिशीचा असेल. काळा सूट, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात घट्ट. आधी त्याची मान पुढे लवत होती, मग डुलत डुलत बाजूला आली आणि माझ्या खांद्यावर टेकली. दिवसभराचा घाम आणि कशाच्या तरी तळणीचा वास. मला काय करावं कळेना. खांदा काढून घ्यावा तर बिचारा आपटेल, हलवून जागं करावं तर जपानी भाषेत काय म्हणायचं ते आठवेना. समोरच्या बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

माझं स्टेशन निशी-कासाई. ते आलं, दारं उघडली, मिटली. मी उठलो नाही. कासाई गेलं, उरायासु गेलं. ग्योतोकु आलं आणि कुणी हाक मारावी तसा तो जागा झाला, बॅग उचलली, माझ्याकडे न बघताच मान एवढीशी लववली आणि उतरून गेला. पुढच्या स्टेशनावर उतरून मी उलटी गाडी धरली.

घरी बायकोनं विचारलं, "कोण होता?"

"काय माहीत."

"इतका वेळ खांद्यावर घेऊन बसलात, नाव तरी विचारायचं!"

ती धुळ्याची. आठ स्टेशनं खांद्यावर डोकं ठेवलेल्या माणसाचं गाव-नाव माहीत नाही, हे तिच्या हिशेबात बसेना. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं.

या झोपेला तिकडे इनेमुरी म्हणतात. हजर राहून झोपणं, असा काहीसा अर्थ. त्यात कुणाला लाज नाही. पाच वर्षं त्या गाडीनं ये-जा केली, त्यात अशा किती तऱ्हा पाहिल्या. डब्यात फोनवर बोलायचं नाही, ही नुसती पाटी नाही, लोक खरंच बोलत नाहीत. पाठीवरची सॅक डब्यात शिरताना पोटावर घेतात. सहा-सात वर्षांची पोरं पिवळी टोपी घालून एकटी शाळेला जातात, बरोबर आई नाही, आजोबा नाही. पुस्तक वाचणारा माणूस त्याला कागदी वेष्टण घालून वाचतो, का तर आपण काय वाचतो हे शेजाऱ्याला दिसू नये. हे वेष्टण पुस्तकाच्या दुकानातच घालून मिळतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा 'देशदूत' आठवला. पाचोऱ्याला एकानं विकत घेतलेला अंक शिरसोली येईपर्यंत पानापानानं सुटा होऊन अख्ख्या डब्यात फिरायचा. मधलं पान खिडकीपाशी, शेवटचं वरच्या फळीवर झोपलेल्याच्या हातात, आणि ज्यानं पैसे मोजले तो जाहिरातींचं पान वाचत बसलेला. जळगाव आलं की तो पानं गोळा करत डबाभर हिंडायचा. एखादं पान शेंगांच्या टरफलांसकट सापडे.

वेळेचं तर विचारूच नका. नोव्हेंबर 2017 मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेस या उपनगरी मार्गावर एक गाडी वेळेच्या 20 सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली. मी ती बातमी बायकोला वाचून दाखवली. तिला तिची चाळीसगाव-धुळे पॅसेंजर आठवली. 1900 साली सुरू झालेला हा जेमतेम 57 किलोमीटरचा फाटा. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर असं करत धुळ्याला जाऊन संपतो. तिच्या आठवणीतला माणूस हा की, गाडी सुटायच्या वेळी एक पाय पायरीवर, एक पाय फलाटावर ठेवून तो उभा असे आणि पुलाकडे बघून ओरडत असे, "या ना गुरुजी, पळा!" गुरुजी धोतर सावरत येत, आणि ते दांडीला लोंबकळेपर्यंत तो फलाटावरचा पाय काही उचलत नसे. दोन पायांत गाडी धरून ठेवल्याचा त्याचा आव असे. वीस सेकंदांची माफी मागणाऱ्यांना हा माणूस एकदा दाखवायला हवा, असं तिचं म्हणणं.

आम्ही दोघं परदेशात बसून अशी आपली गाडी उगाळत असू. निशी-कासाईत आपली माणसं बरीच. 2000 सालच्या आसपास संगणकवाले आले ते तिथेच राहिले. 2019 मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. त्यामुळे शनिवार-रविवारी कुणाच्या तरी घरी जमणं व्हायचं, आणि जमलं की लोकल, पॅसेंजर, खिडकीतून टाकलेले रुमाल, सगळं निघायचं. आमच्याकडे कशी माणुसकी, यांच्याकडे कसं मुकं सगळं! भरीत खात खात हे बोलायला फार बरं वाटतं.

पण त्या रात्रीनंतर मला या बोलण्यात काहीतरी खुपायला लागलं.

1990 नंतरची चार-पाच वर्षं मी पाचोरा ते जळगाव अपडाउन करत होतो, एमजे कॉलेजला. अपडाउनवाल्यांचा डबा ठरलेला, जागाही ठरलेल्या. नवखा कुणी बसलाच तर "इथं आमचे सर बसतात चाळीसगावपासून" असं त्याला गोडीनं सांगून उठवत. खिडकीच्या गजांना दूधवाल्यांचे कॅन लटकलेले, वळणावर ते खणखणत. तिघांच्या बाकावर पाच आणि सहाव्याला हाक, "उभा काबर ऱ्हायना? बठ ना भो!" सहावा बसला की त्याच्या ओंजळीत भाजक्या शेंगा. आणि मग प्रश्न.

पहिला, "कोनता गावना?" गाव सांगितलं की तिथला एक तरी माणूस विचारणाऱ्याच्या ओळखीचा निघणारच. दुसरा प्रश्न, "आडनाव काय?" बाहेरच्या माणसाला वाटेल इथे संपलं. खानदेशात इथे सुरू होतं. कारण उत्तर बहुतेकदा "पाटील" असं येतं, आणि पाटील म्हटल्यानं काहीच कळत नाही. मराठा पाटील आहेत, लेवा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, आणखीही आहेत. चौधरींचं तेच, महाजनांचंही तेच. म्हणून तिसरा प्रश्न, जरा खालच्या आवाजात, शेंग फोडता फोडता: "कोणते पाटील?"

मी पाटीलच. मला हा प्रश्न शेकडो वेळा विचारला गेला आणि मी दरवेळी उत्तर दिलं. त्यात काही विचारण्यासारखं आहे हेच मनात येत नसे. उत्तर ऐकून समोरचा एक तर आणखी जवळ सरकायचा, नाही तर "हां, हां" म्हणून खिडकीबाहेर कपाशी बघायला लागायचा. शेंगा दोन्ही वेळी मिळायच्या, हेही सांगायला हवं.

माझ्या वर्गातला एक मित्र नगरदेवळ्याहून यायचा. बोलका होता, नकला भारी करायचा. तिकीट तपासनीस, चणेवाला, आमचे प्राध्यापक, सगळ्यांच्या. पण डब्यात कुणी नवा माणूस येऊन बसला आणि गावाचा प्रश्न निघाला, की हा "जरा हवा खाऊन येतो" म्हणून दाराशी जाऊन उभा राही. थंडीच्या दिवसांतही. सकाळच्या गाडीत परधाड्यापासून म्हसावदपर्यंत वारा असा लागतो की कान दुखतात. आम्ही त्याला हसायचो. "याले खूप उकाडा होतो" असा आमचा विनोद ठरलेला होता. तीन वर्षं आम्ही तोच विनोद करत होतो. तो दाराची दांडी धरून आमच्याकडे पाठ करून उभा असे, खांदे वर काढून, स्वेटरची कॉलर कानावर ओढून.

त्याचं आडनाव सांगितल्याबरोबर तिसऱ्या प्रश्नाची गरजच उरत नसे, हे मला कळायला टोकियो गाठावं लागलं. हे काही कौतुकानं सांगत नाही.

ग्योतोकुला उतरलेल्या त्या माणसानं मला काही विचारलं नाही. माझा रंग बघितला असेल किंवा नसेलही. खांदा होता, डोकं ठेवलं. माझा नगरदेवळ्याचा मित्र तोझाई लाइनला बसला असता तर दाराशी गेला नसता. एवढंच मला त्या उलट्या गाडीत बसून सुचत होतं, आणि मोठा साक्षात्कार झाल्यासारखा मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुम्हाला ती गाडी रात्री सव्वादहाला भेटली. मला सकाळी आठला भेटते."

सकाळची तोझाई म्हणजे वेगळं प्रकरण. किबा ते मोन्झेन-नाकाचो या एका टप्प्यात, महामारीच्या आधी, क्षमतेच्या 199 टक्के गर्दी असायची. हा तिथल्या सरकारी मोजणीचाच आकडा. टोकियोच्या मोठ्या स्टेशनांवर पांढरे हातमोजे घातलेली माणसं तुम्हाला अदबीनं आत ढकलतात. आणि फलाटावर पोस्टर: चिकान हा गुन्हा आहे. चिकान म्हणजे गर्दीत बायकांच्या अंगाला हात लावणारा. आम्ही नवे असताना या शब्दावर कोंबडीचे विनोद केले होते. नंतर केले नाहीत. बायकांसाठी वेगळे डबे तिकडे आहेत ते याच कारणानं. तिनं सांगितलं, "तिथं कुणी ओरडत नाही हो. बाईपण नाही. शांतता बिघडेल म्हणून. धुळे पॅसेंजरला एकाचा हात चुकला होता माझ्या मावशीच्या बाबतीत, तर शिरूडपर्यंत सगळ्या डब्यानं त्याला धारेवर धरला होता." नळ बंद करून पुढे म्हणाली, "आणि पहिलं काय विचारलं माहितीये त्याला? कोणत्या गावचा तू, आडनाव काय."

यावर मला काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही. तोच प्रश्न एकाला दाराशी उभा करतो आणि दुसऱ्याला जाब द्यायला लावतो. बायको म्हणते, विचार करू नका, झोपा.

परत आलो त्याला आता काही वर्षं झाली. पाचोऱ्याची गाडी बदलली आहे. आमची लाडकी पीजे, पाचोरा-जामनेरची 56 किलोमीटरची ती झुकझुक नॅरोगेज, 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिच्या ब्रॉडगेजचं काम निघालं आहे. भुसावळकडे जायला आता मेमू. तिचा डबा लांबच लांब, मोकळा. दूधवाले मोटारसायकलवर गेले. पेपर कुणाच्या हातात दिसत नाही. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येकाचा आवाज चालू, शेजारच्याचं कीर्तन, पलीकडच्याची क्रिकेट कॉमेंट्री, समोरच्या बाईंचं "हॅलो, हॅलो, आता परधाडं गेलं." टोकियोत असतं तर या डब्याला कुलूप लागलं असतं. पण बोलत मात्र कुणी कुणाशी नव्हतं. मला ते एकदम ओळखीचं वाटलं आणि एकदम परकं.

माझ्या शेजारी एक पोरगा होता, अठरा-एकोणीसचा, कानात इअरफोन, मांडीवर आयटीआयची वही. माहेजी गेलं. मला राहवेना. पिशवीत शेंगा होत्या, त्या पुढे केल्या. त्यानं एका कानातलं काढलं, दोनच शेंगा घेतल्या.

"कोणतं गाव?" मी विचारलं. जुनी सवय, तोंडातून गेलंच.

"म्हसावद."

पुढचा प्रश्न जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. केळीची बाग मागे जात होती, घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या. दोन-तीन मिनिटं गेली असतील. पोरगा दुसरा इअरफोन हातात धरून तसाच माझ्याकडे बघत बसला होता, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा.

मग स्वतःहूनच म्हणाला, "पाटील. लेवा."

शेंगा फोडल्या, दाणे तोंडात टाकले, टरफलं खिशात घातली आणि उतरायला दाराकडे गेला.