भुवयांमधली आठी

माउली, कपाळावरच्या आठ्या इंजेक्शन घेऊन घालवणे हे पाप आहे का, असा प्रश्न आता माळकरी घरांतूनही निघू लागला आहे. लेकीसुना विचारतात, आणि सासरेबुवा नुसते 'हरि हरि' म्हणतात! पण हो-नाही म्हणण्याआधी ती सुई काय करते हे तरी समजून घेऊ.

बोटॉक्स हे एका जहाल विषाचे औषधी रूप. हवाबंद अन्न बिघडले की त्यात एक जंतू वाढतो आणि हे विष तयार करतो. ते पोटात गेले तर अंग लुळे पडून माणूस दगावतोही. तेच विष अतिसूक्ष्म प्रमाणात स्नायूत टोचले की मज्जातंतूचा निरोप तिथे अडतो. स्नायू आखडत नाही, म्हणून वरची कातडी दुमडत नाही. काही दिवसांत फरक दिसतो आणि तीन-चार महिन्यांत आठी परत येते. मग पुन्हा सुई, पुन्हा पैसे.

या औषधाला नावे मात्र ठेवू नका. अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली परवानगी मिळाली ती तिरळ्या डोळ्यांसाठी आणि आपोआप घट्ट मिटणाऱ्या पापण्यांसाठी. आठ्यांसाठीची परवानगी २००२ सालची. आजही सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचे आखडलेले पाय याने सैल होतात. विष तेच; कशासाठी टोचले एवढाच फरक.

आता भुवयांमधली ती जागा पाहा. गोपीचंदन आणि बुक्का आपण तिथेच लावतो. तिथली आठी उन्हात डोळे बारीक करून पडलेली असते, पाऊस लांबल्यावर आभाळाकडे पाहून पडलेली असते, कुणाच्या दुखण्यात रात्र जागून पडलेली असते. सुई ती काळजी काढत नाही. काळजी चेहऱ्यावर उमटायची वाट तेवढी अडवते. वाटेत समोरच्याचे तोंड पाहूनच आपण 'माउली, दमलात का?' असे विचारतो ना?

कुणी म्हणेल, पंढरीच्या मूर्तीचे चरण झिजू नयेत म्हणून वज्रलेप देतात. देवाला चालते ते मला का नको? प्रश्न खोटा नाही. पण लेप झीज थांबवायला असतो, आणि लेप झाल्यावर ते चरण पुन्हा भाविकांच्या कपाळांसाठी मोकळे होतात. सुईने वय थांबत नाही, चेहऱ्याचा एक कोपरा तेवढा गप्प होतो.

तरीही मी याला पाप म्हणणार नाही. केसांना कलप लावून कीर्तनाला उभे राहणारे बुवा आपण ऐकतोच की! मला खुपते ते वेगळेच. 'म्हातारी दिसायला लागलीस' असे घरातलाच कुणी बोलतो आणि ती बाई दवाखान्याची वाट धरते. तिथे आठी जाते, तो शब्द जात नाही. अशा घरात आधी बोलणाऱ्याला हटकावे, मग तिला विचारावे की तुला स्वतःला हे हवे आहे का. हवे असेल तर तिची थट्टा करू नका.

आणि तिला एवढे सांगा. सुई घ्यायची ती त्वचारोगतज्ज्ञाकडेच, पार्लरमध्ये नव्हे. पोटात किंवा अंगावर पिणारे बाळ असेल, स्नायू दुबळे होण्याचा आजार असेल, तर घेऊ नये. कधी पापणी काही आठवडे लोंबते. फिलर ही निराळी वस्तू. ती कातडीखाली भरतात, आणि चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टीही जाऊ शकते. बोटॉक्स घेतल्यावर काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला जड वाटले, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.