शुक्रवारची साक्ष

वांगणी आणि नेरळच्या मधलं आमचं शेलू. इथे शिवजयंती दोनदा होते, एकदा १९ फेब्रुवारीला आणि पुन्हा फाल्गुन वद्य तृतीयेला. दोन्ही वेळा भगवे झेंडे, दोन्ही वेळा डीजे आणि दोन्ही वेळा नाक्यावर तोच वाद, खरी कुठली? आवाज चढतात, पण कागद-पेन्सिल कोणी काढत नाही. खरं तर हा वाद निम्मा गणिताचा आहे.

कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. तोवर बखरींतून चालत आलेलं शिवाजी महाराजांचं जन्मसाल होतं शके १५४९, म्हणजे १६२७, आणि तिथीबाबत बखरींचं आपसातही जमत नव्हतं. शकावली सांगते शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. लिहिणाऱ्याने नुसती तिथी न देता वारही दिला, म्हणजे खोटं असेल तर पकडलं जाण्याची सोय त्याने स्वतःच करून ठेवली.

ही तिथी म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मोबाइलच्या कॅलेंडरात ती तारीख काढा. मंगळवार दिसेल. झालं, शकावली खोटी? घाई नको. ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर इंग्रजांनी १७५२ साली स्वीकारलं आणि १६३० मध्ये दोहोंत दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे आजच्या मोजणीने तो दिवस १ मार्च १६३०. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस येतात आणि त्यांना सातने पूर्ण भाग जातो. तेव्हा १ मार्च १६३० आणि १ मार्च २०३० यांचा वार एकच, शुक्रवार. चंद्राचा महिना सरासरी २९.५३०५९ दिवसांचा धरून मागे गेलं, तर त्या दुपारी पौर्णिमा उलटून साधारण अडीच दिवस झालेले असतात. तृतीयाच.

आता याला वजन किती द्यायचं? वार योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक, म्हणजे तशी बरीच. नक्षत्र तर वेगळा साक्षीदारच नाही. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो, दोन-तीन दिवसांत तो हस्तात येणारच. नुसत्या वारावर मी निकाल दिला नसता. पण परमानंदाचं शिवभारत आणि जोधपूरला सापडलेली महाराजांची कुंडलीही हीच तिथी सांगतात, तेव्हा बखरींची बाजू लंगडी पडते.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही टिळकांचंच. १८९३च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी ऋचांमधल्या नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपास नेला. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाची सूर्याची जागा, नक्षत्रांमधून किती वर्षांत किती सरकतो हे गणित पक्कं होतं. ऋचेचा अर्थ मात्र सैल होता, तो हवा तसा ताणता येतो. महाभारताचं तेच. युद्धाचं साल पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी ग्रहस्थितीवरून इ.स.पू. ५५६१ काढलं. परंपरेने युद्धापाठोपाठ कलियुग सुरू होतं, इ.स.पू. ३१०२ मध्ये. एकाच ग्रंथाभोवतीच्या दोन उत्तरांत अडीच हजार वर्षांची तफावत! कुठलंही उत्तर चुकीचं ठरवता येत नसेल, तर त्यातलं एकही मला बरोबर म्हणता येणार नाही.

असं बोललं की कोणीतरी म्हणतंच, श्रद्धेत गणित आणू नका. पंचांग म्हणजे दुसरं काय आहे? आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० सालच्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं आणि ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) टाळून ग्रहगणित सोपं केलं. कित्येक पिढ्यांचे उपासतापास आणि मुहूर्त त्या गणितावर चालले.

मग नाक्यावरच्या वादाचं काय? दोन्ही बाजू एकाच शुक्रवारची आठवण करतात. तिथी चंद्राच्या मोजणीने येते. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आपण ग्रेगोरियन कॅलेंडरवर तशीच ठेवली आहे. दोन्ही संकेत आहेत, आणि संकेतावरून भांडायचं कारण नाही.

कर्जत-खालापूरच्या शाळांतल्या गणिताच्या बाईंना आणि गुरुजींना एक विनंती. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं, तो दिवस २ फेब्रुवारी १६६१, शके १५८२, माघ शुद्ध चतुर्दशी. मुलांना त्याचा वार काढायला सांगा. शनिवार यायला हवा. बुधवार आला, तर दहा दिवस मिळवायचे राहिलेत.