अनेक जोडण्या आणि एकनिष्ठा
पेण आणि रोहा यांच्या दरम्यानच्या कासूसारख्या गावात, जिथे एखादी वाहिनी तुटली की घराचा जगाशी संबंधच खुंटू शकतो, दोन इंटरनेट जोडण्या सांभाळणारा वेगवान राउटर निवडणे हा एकनिष्ठेचाही प्रश्न ठरतो. असा राउटर भारवाटप करतो, म्हणजे निरनिराळी कामे निरनिराळ्या जोडण्यांवर सोपवतो; परंतु सुरू झालेले काम सहसा एकाच जोडणीवरून पूर्ण होत असल्याने १०० मेगाबिटच्या दोन जोडण्यांतून एका फाइलीला २०० चा वेग मिळत नाही. इष्टदेवतेच्या, म्हणजे उपासनेसाठी निवडलेल्या रूपाच्या, कल्पनेतही इतर रूपे नाकारली जात नाहीत, मात्र उपासनेच्या वेळी चित्त एकाच ठायी असते. बिघाड होताच दुसऱ्या जोडणीकडे वळणे हा मात्र आपद्धर्म, म्हणजे संकटापुरता मान्य आचार होय. म्हणूनच पहिली जोडणी सावरताच तिच्याकडे आपोआप परतणारा राउटर निवडावा.