सात दिवसांची ऊब



डिसेंबर अर्धा सरला की आपल्या वसईतही पहाटेचा गारठा जाणवू लागतो. सकाळच्या मिस्साला येणाऱ्या आजी शाल पांघरून येतात, वाड्यांमध्ये शेकोट्या पेटतात. नेमका हाच काळ रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या विणीचा असतो. आपल्या देशात या कुत्र्या बहुधा पावसाळा सरता सरता गाभण राहतात आणि साधारण त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे थंडीच्या तोंडावर किंवा ऐन थंडीत, वितात. मग त्या जागा शोधतात. कुठे इमारतीचा जिना, कुठे पाण्याच्या पंपाची खोली, तर कुठे बंद दुकानाचा ओटा.

पुढे काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणीतरी हळूच एक गोणपाट आणून टाकतो. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणीतरी ते गोणपाट उचलून फेकतो आणि कुत्रीला पिल्लांसकट बाहेर हाकलतो. सोसायटीच्या बैठकीत त्यावरून आवाज चढतात. रविवारी हे दोघेही एकाच मंदिरात, कधी कधी एकाच बाकावर बसलेले असतात. दोघेही वाईट नसतात. पहिल्याला दया आलेली असते, तर दुसऱ्याला आपल्या लहान मुलांची काळजी वाटत असते.

म्हणून प्रश्न विचारायला हवा. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या कुत्रीविषयी आणि तिच्या पिल्लांविषयी माझे काही कर्तव्य आहे का? की तो केवळ हळव्या माणसांचा छंद आहे?

आधी वस्तुस्थिती पाहू. कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान बंद असतात. डोळे उघडायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात ते थंडीने कापूसुद्धा शकत नाही. आपण कुडकुडतो तेव्हा आपले शरीर स्वतःसाठी उष्णता निर्माण करत असते. नवजात पिल्लापाशी ती सोय नसते आणि अंगावर चरबीही नसते. त्याला ऊब मिळते ती आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या गर्दीत. ती तुटली की त्याचे अंग गार पडते, दूध ओढण्याची ताकद जाते आणि पोटात गेलेले दूधही पचत नाही. मोठ्या कुत्र्याला एक थंड रात्र म्हणजे त्रास. दोन दिवसांच्या पिल्लाला ती मरण ठरू शकते.

कोणी म्हणेल, हा निसर्गाचा नियम आहे, आपण मध्ये का पडावे? पश्चिम बंगालमध्ये आयसर कोलकाता या संस्थेच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची पाच वर्षे पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ९५ विणींमधील ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत जगली. जी मेली त्यांतील ६३ टक्के मृत्यूंमध्ये माणसाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात होता. याचा अर्थ, आपण मध्ये पडलेलोच आहोत. कुत्रा हे काही जंगलातून चुकून आलेले जनावर नव्हे. किमान चौदा हजार वर्षांपासून ते माणसाच्या सोबतीने जगत आले आहे. त्याची जंगलाची वाट आपणच मोडली आहे. तेव्हा सगळा भार निसर्गावर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. सतराव्या शतकात देकार्त याने प्राण्याच्या शरीराची तुलना यंत्राशी केली. अठराव्या शतकातील कांट इतका कठोर नव्हता. जन्मभर इमानाने राबलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मालकाने गोळी घातली तर? त्याच्या मते यात कुत्र्यावर अन्याय होत नाही. पण मालक स्वतःमधली माणुसकी मारतो आणि पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. त्याच्या पाचशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनीही असेच काही सांगितले होते. जनावराची कणव येणाऱ्या माणसाला शेजाऱ्याची कणव अधिक सहज येते, असा त्यांचा विचार होता. १७८९ साली बेंथम याने प्रश्नच बदलला. प्राण्याला बुद्धी आहे की नाही, वाचा आहे की नाही, हे बाजूला ठेवा. त्याला वेदना होतात की नाही एवढेच पाहा, असे त्याने सुचवले.

कांट आणि अक्वायनस यांचे म्हणणे खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. कुत्री म्हणजे माझ्या दयेची तालीम करण्याचे साधन, एवढाच तिचा अर्थ असेल तर मी तिच्याकडे पाहिलेच नाही. मी पुन्हा स्वतःकडेच पाहिले. ख्रिस्तसभेची शिकवण याहून पुढे जाते. १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्यांच्या नुसत्या असण्यानेही त्याचा गौरव होतो आणि म्हणून आपण त्यांच्याशी दयाळूपणे वागणे लागतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, केवळ आपल्या उपयोगापुरते नाही, हे त्यांनी ठासून मांडले.

पवित्र शास्त्रातील एका छोट्या नियमाकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. तो लेवीय ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे आणि आपण तो वाचून पुढे जातो. वासरू, कोकरू किंवा करडू जन्मले की सात दिवस त्याला आईपाशीच राहू द्यावे. आठव्या दिवसापासून ते अर्पणाला चालेल, असा तो नियम. लगेच पुढचा नियम सांगतो की आई आणि तिचे पिल्लू यांना एकाच दिवशी कापू नये.

विचार करा, हे पिल्लू वेदीवर जाणार आहे. त्याचे आयुष्य ठरलेले आहे. तरीही परमेश्वर म्हणतो की आधी सात दिवस आईची ऊब त्याची. ते पुढे कोणाच्या कामाचे आहे, म्हणून ती ऊब मिळालेली नाही. नुकताच जन्मलेला जीव आणि त्याची आई यांच्यामध्ये काही दिवस तरी कोणी येऊ नये, देवाच्या वेदीनेही येऊ नये, एवढेच त्यात आहे. ज्याला वेदी थांबू शकते, त्याला सोसायटीचा जिना थांबू शकत नाही का? आणि प्रभू येशूला यरुशलेमविषयीची आपली माया सांगायची होती, तेव्हा त्याने कोणती उपमा निवडली? पंखांखाली पिल्ले गोळा करणाऱ्या कोंबडीची. देवाच्या प्रेमाचे ते चित्र ज्याला भावते, त्याने पिल्लांना पोटाशी धरून बसलेल्या कुत्रीला काठी दाखवताना क्षणभर थांबायला हवे.

आता दोन आक्षेप. दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की माणसांची लेकरे उघड्यावर झोपत असताना कुत्र्यांचे कसले कौतुक? ही जाणीव धर्मशिक्षण ग्रंथालाही आहे. माणसाच्या दुःखनिवारणाला प्रथम मिळायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळू नये आणि केवळ माणसालाच देय असलेले प्रेम त्यांच्याकडे वळवू नये, असे तो स्पष्ट बजावतो. परदेशी जातीच्या कुत्र्याला स्वेटर शिवणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बाईचा पगार कापणाऱ्या घराने हा इशारा जरूर ऐकावा. परंतु जुने गोणपाट आणि उरलेला भात कोणत्या लेकराच्या तोंडून काढलेला नसतो. दया ही काही डब्यातली साखर नव्हे, की इथे चमचाभर घातली तर तिथे कमी पडेल. योनाच्या ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर निनवे नगरीची कीव करतो तेव्हा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांसोबत तो तिथल्या गुराढोरांचाही उल्लेख करतो, तोही त्याच वाक्यात.

दुसरा आक्षेप भीतीचा. कुत्री चावते, तिच्यामुळे रेबीज होऊ शकतो, आणि हा रोग एकदा दिसू लागला की माणूस सहसा वाचत नाही. ज्या आईला ही भीती वाटते तिला निर्दय म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. गोणपाट टाकून घरी गेलेल्या माणसाची दया म्हणूनच अर्धी राहते. पिल्लांनी दूध सोडले की महानगरपालिकेला कळवून कुत्रीची नसबंदी आणि रेबीजची लस करून घेणे, पिल्लांना लस देणे आणि शक्य तर घर मिळवून देणे हा त्याच दयेचा उरलेला भाग आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्यांच्याकडे अर्ज करणे, पाठपुरावा करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण शेजाऱ्याच्या मुलांवरचे प्रेम त्याच कामातून दिसते.

आणखी एक गोष्ट. प्रेमाला ज्ञानाची जोड हवी. गार पडलेले पिल्लू दिसले की आपण धावत गाईचे दूध आणतो आणि त्याच्या तोंडात ओततो. हेतू चांगला असतो, पिल्लू मात्र दगावते. आधी ऊब, मग दूध, हा क्रम आहे. गार पिल्लाला कोरड्या कापडात घेऊन हाताच्या किंवा छातीच्या उबेने सावकाश गरम करावे आणि मग आईच्या पोटाशी लावावे. आईचे दूधच त्याला मानवते. गाईच्या दुधाने हगवण लागू शकते. खायला द्यायचे ते आईला, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, आणि जवळ स्वच्छ पाणी ठेवावे.

जागा वाऱ्याच्या आडोशाला असावी. खाली फळी किंवा पुठ्ठा, त्यावर कोरडा पेंढा. उघड्यावर चादरीपेक्षा पेंढा बरा, कारण चादर ओल धरते. खोके असेल तर त्याचा उंबरा इतका ठेवावा की आई ओलांडू शकेल आणि पिल्लू बाहेर घरंगळणार नाही. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर कापडात गुंडाळून एकाच कडेला ठेवावी, म्हणजे उकडू लागल्यास आईला आणि पिल्लांना दूर सरकता येईल. आईला फार उकडले तर ती उठून जाते, आणि मग सगळाच खटाटोप वाया जातो. शेगडी किंवा निखारे जवळ ठेवू नयेत. पिल्लांना आंघोळ घालू नये, हौसेने उचलू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. आई गुरगुरली तर मागे सरावे. ती आपले कर्तव्य करत असते. चुकून दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

या सूचनांमध्ये एक समान सूत्र दिसेल. मला काय द्यावेसे वाटते याला इथे महत्त्व नाही. तिला काय हवे आहे याला आहे. बहुतेक वेळा तिला एवढेच हवे असते की कोरडी जागा मिळावी, पोटाला मिळावे आणि कोणी हाकलू नये. उबेचे खरे काम ती स्वतःच करते.

आपल्या देशाच्या राज्यघटनेनेही १९७६ पासून प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. पण ज्या घरात कुत्री जिन्याखाली व्याली आहे, तिथे घटना आणि धर्मग्रंथ दोन्ही रात्री दहा वाजता, दार लावण्याच्या वेळी आठवले तरच उपयोग.

नाताळच्या गोठ्यासाठी आपण शेतातून पेंढा आणतो. तीन राजांच्या सणानंतर गोठा उतरवला की तो जाळून टाकू नका. एखादी पेंढी जिन्याखाली पोचवा. आधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून घ्या, म्हणजे ती सकाळी तिथेच राहील. आणि परत येताना फाटकावरच्या रखवालदाराकडे रात्रीसाठी घोंगडी आहे का, तेही विचारा.