दान की देणे?

'देणे' हा मराठी भाषेतील एक विलक्षण शब्द आहे. क्रियापद म्हणून त्याचा उपयोग केला, की त्यातून औदार्य सूचित होते. नाम म्हणून केला, की तोच शब्द कर्जाचा वाचक होतो. 'मी त्याला शंभर रुपये दिले' या वाक्यात बोलणाऱ्याची मान किंचित उंचावलेली असते. 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' या वाक्यात ती किंचित खाली झुकते. दोन्ही प्रसंगी घडणारी बाह्य कृती एकच, म्हणजे एका पिशवीतील द्रव्य दुसऱ्या पिशवीत जाणे. परंतु तिचा नैतिक अर्थ अगदी उलटा होतो. दानात दाता श्रेष्ठ आणि घेणारा उपकृत. देण्यात घेणारा हक्काचा धनी आणि देणारा केवळ आपले कर्तव्य पार पाडणारा. आपल्या देशातील संपन्न प्रांतांकडून दरिद्री प्रांतांकडे दरवर्षी जे द्रव्य जाते, ते या दोहोंपैकी कोणत्या अर्थाने जाते, याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. राज्यघटनेच्या २८० व्या कलमान्वये नेमला जाणारा वित्त आयोग मध्यवर्ती करांच्या उत्पन्नाची राज्याराज्यांत वाटणी कशी व्हावी हे ठरवितो, आणि प्रत्येक वाटणीच्या वेळी हा वाद नव्याने पेटतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी विभाज्य उत्पन्नाचे ४१ टक्के राज्यांना द्यावयाचे ठरविले. त्या वाटणीत प्रत्येक १०० रुपयांतील सुमारे १८ रुपये उत्तर प्रदेशाला व १० रुपये बिहारला मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला सव्वासहा आले. कर्नाटकाचा वाटा आधीच्या आयोगाच्या वेळी ४.७ होता, तो ३.६ वर उतरला, केरळाचा २.५ होता, तो दोहोंच्याही खाली गेला. वाटणीच्या कसोट्यांत सर्वांत मोठे वजन, म्हणजे १०० पैकी ४५, राज्याच्या दारिद्र्याला दिलेले होते. बिहारचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असल्यामुळे या कसोटीचा लाभ त्या प्रांताला होणे क्रमप्राप्तच होते.

यावर संपन्न प्रांतांतील सुशिक्षितांची प्रतिक्रिया ठरलेली असते: 'आम्ही मिळवावे आणि त्यांनी खावे, हा कोठला न्याय?' त्यांना उत्तर देणारे सज्जनही बहुधा एवढेच म्हणतात, की 'दुर्बळ भावंडाला थोरल्याने हात द्यावा.' पहिल्याचा स्वर कृपणाचा आहे आणि दुसऱ्याचा उदाराचा. परंतु दोघांचे गृहीत एकच. जे दिले जात आहे ते निर्विवाद आमचे आहे व ते देणे न देणे हा आमच्या मर्जीचा प्रश्न आहे, असे दोघेही मानून चालतात. तपासून पाहावयाचे ते हे गृहीतच.

प्रांत दरिद्री कसा होतो? निसर्गाचा भाग त्यात असतोच. कोसी नदीचा पूर कोणा कायद्याने आणलेला नाही. परंतु गंगेच्या काठची गाळाची जमीन ही जगातील उत्तम जमिनींपैकी एक असून ती पिकविणारा मनुष्य निर्धन राहावा, याचे कारण केवळ निसर्गात सापडणार नाही. १७९३ साली कॉर्नवॉलिसने बंगाल, बिहार व ओरिसा या भागांत कायमधाऱ्याची पद्धत घातली. सरकारचा वसूल कायमचा ठरून गेला आणि त्यापुढील वाढ जमीनदाराची झाली. जमीन सुधारली तरी सरकारच्या तिजोरीत कवडीची भर पडावयाची नाही, असे झाल्यावर तेथे मोजणी, पाटबंधारे, रस्ते यांवर खर्च करण्यास सरकारला कारण उरले नाही. आणि कूळ तर जमिनीचा मालकच नव्हता. मुंबई व मद्रास इलाख्यांत रयतवारी आली. तीही काही सुखाची नव्हती, याची साक्ष १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेले दंगे देतात. तथापि दोन पद्धतींतील अंतर दीर्घकाळ टिकले. अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले आहे, की जेथे जमीनदारी होती त्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके शेतीतील भांडवल, शाळा व आरोग्य या सर्वच बाबी मागे राहिल्या. पाटण्याच्या पणजोबांनी ती पद्धत निवडली नव्हती व पुण्याच्या पणजोबांनी तिच्यातून सुटका मिळविली नव्हती. दोघांच्याही वतीने तिसऱ्यानेच निर्णय घेतला होता.

परंतु सर्व दोष परकीयांच्या माथी मारून आपणास मोकळे होता यावयाचे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात आपल्या सरकारने पोलाद व कोळसा यांसारख्या मालाच्या वाहतुकीचा खर्च देशभर सारखा करण्याचे धोरण स्वीकारले. हेतू चांगला होता. कारखाने सर्व प्रांतांत पसरावेत असा होता. परिणाम असा झाला, की जमशेदपूरचे पोलाद जमशेदपूरच्या शेजाऱ्याला ज्या भावाने मिळे, त्याच भावाने ते मुंबई, मद्रास वा लुधियान्यास मिळू लागले. बंदर, बाजारपेठ, पेढ्या व कुशल कारागीर ज्यांच्याजवळ आधीच होते, त्यांच्या दाराशी आता खाणीही आल्या. आणि जो प्रांत खाणींखेरीज दुसऱ्या बाबतीत दुबळा होता, त्याच्याजवळचा तो एकच हुकमी पत्ता काढून घेतला गेला. पश्चिमेकडील कापसाच्या बाबतीत मात्र अशी समभावाची योजना केली गेली नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत हे धोरण रद्द झाले, तोवर कारखाने वसावयाचे तेथे वसून गेले होते. आज झारखंडात मोडणारा तो खनिजसंपन्न मुलूख त्या काळी बिहारचाच भाग होता. आमच्या कारखानदारीच्या वैभवात उद्योगशीलतेचा वाटा मोठा आहे, हे कोणी नाकारीत नाही. पण त्या वैभवाच्या जमाखर्चात या सवलतीची नोंद कोठे आहे?

याच जमाखर्चातील दुसरी गाळलेली बाब मनुष्यबळाची होय. मुंबईच्या गिरण्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांनी चालविल्या, आणि कोकणातील कित्येक घरांची चूल मनीऑर्डरीवर पेटत असे, हे आपणांस ठाऊक आहे. त्या व्यवहारात गावाने शहराला काय दिले, याचा हिशेब मात्र फारसा झाला नाही. मजुराचे बालपण गावाने पोसले, तारुण्य शहराने वापरले आणि आजारपण व वार्धक्य पुन्हा गावाच्या पदरात घातले. आज रत्नागिरीच्या जागी दरभंगा किंवा आझमगड आले आहे एवढाच फरक. वीस वर्षे ज्याला खाऊपिऊ घालून वाढविले, तो मनुष्य ऐन उमेदीत दुसऱ्या प्रांताच्या कामी येतो; त्याने बांधलेल्या इमारतीवरील कर मुंबईच्या नावे जमा होतो, आणि तो काम करतो त्या कंपनीचा प्राप्तिकरही, तिची मुख्य कचेरी मुंबईस असेल तर, मुंबईच्याच खाती दिसतो. मग आपण म्हणतो, की इतका कर आमच्या शहराने भरला!

२०२० च्या टाळेबंदीत हे नाते एकाएकी उघडे पडले. ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ लोहमार्गावर झोपेतच मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत. ज्या मुलखाच्या उत्पन्नात त्यांच्या घामाची भर होती, त्या मुलखात काम थांबल्यावर काही आठवडे राहावयास त्यांना जागा नव्हती. त्यांच्या कुटुंबीयांस पुढे जे साहाय्य मिळाले असेल, त्यास दान म्हणण्याचे धैर्य कोणास होईल?

दादाभाई नौरोजींनी इंग्लंडसमोर हाच युक्तिवाद मांडला होता. हिंदुस्थानची गरिबी हा दैवयोग नसून इंग्लंडच्या समृद्धीशी तिचा कार्यकारणसंबंध आहे, असे ते म्हणत. आणि म्हणूनच त्यांची मागणी भूतदयेची नसून न्यायाची होती. बिहार ही मुंबईची वसाहत आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बिहारी मतदार आपले राज्यकर्ते निवडतो व केंद्रसत्तेतही त्याचा वाटा आहे. परंतु ज्या तर्काच्या बळावर आपण परक्याकडे हिशेब मागितला, तो तर्क घरात वापरण्याची वेळ येताच विसरावा, हे सुसंगत विचाराचे लक्षण नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की बिहारच्या दुर्दशेस तेथील राज्यकर्तेही कारण आहेत. जमीनसुधारणा त्यांनी रेंगाळत ठेवल्या, शाळा ओस पडू दिल्या. हे खरे आहे. परंतु या आक्षेपाने ऋणको बदलतो, धनको बदलत नाही. अररिया जिल्ह्यात आज जन्मलेल्या मुलीने ना कॉर्नवॉलिसला निवडले, ना पाटण्याच्या मंत्र्याला. तिचे देणे लागणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढले, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केरळ व तमिळनाडू यांनी शिक्षण व आरोग्य यांवर खर्च करून लोकसंख्येला आळा घातला. आणि वाटणीचा आधार १९७१ ऐवजी २०११ ची शिरगणती होताच त्यांचे नुकसान झाले. सद्गुणाची ही शिक्षा नव्हे काय? पंधराव्या आयोगाने या कामगिरीसाठी १०० पैकी १२.५ गुण वेगळे राखले, यावरून तक्रारीत तथ्य आहे हे आयोगासही मान्य होते असे दिसते. हे गुण अपुरे आहेत असे म्हणावयास जागा आहे, आणि एखाद्या घरातील कष्टाळू भावाचे म्हणणे ऐकून न घेता त्याच्यापुढे केवळ बंधुभावाचे पाठ वाचणे अन्यायाचे होईल. तथापि कष्टाचे चीज व्हावे, या मागणीतून दुर्दैवाचे निवारण होऊ नये असे निष्पन्न होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मुंबईतील कारकुनाच्या खिशातील पैसा पाटण्यातील कंत्राटदाराच्या खिशात गेला, तर दोन प्रांतांतील अंतर कागदावर कमी होईल. गरीब होता तेथेच राहील. विषमता प्रांताप्रांतांत असते त्याहून माणसामाणसांत अधिक तीव्र असते. नेमक्या याच ठिकाणी दान आणि देणे यांतील भेद उपयोगी पडतो. दानाचा हिशेब विचारणे आपल्याकडे असभ्य मानतात. देण्याची मात्र पावती लागते. रक्कम खऱ्या धनकोच्या हाती पोचली की नाही, हे पाहण्याचा अधिकार ऋणकोला असतो आणि न पोचल्यास तक्रार करण्याचा अधिकार धनकोला असतो. धनको येथे पाटण्याचे सरकार नव्हे. ते केवळ मध्यस्थ. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे बहुआयामी दारिद्र्यात असणाऱ्यांचे प्रमाण बिहारमध्ये २०१५-१६ साली सुमारे ५२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३४ टक्क्यांच्या खाली आले. रक्कम मुळीच पोचत नाही, असे म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा. पुरेशी पोचते, असे म्हणणाऱ्याने केरळात तेच प्रमाण अर्धा टक्का होते हे पाहावे.

महाराष्ट्रीय वाचकास हा भेद नवा वाटू नये. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ व मराठवाड्यास जी आश्वासने दिली, ती कितपत पाळली गेली हे पाहण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने पुढील वर्षी राज्यातील उणीव सुमारे ३,१८६ कोटी रुपयांची ठरविली आणि तिच्यासाठी 'अनुशेष' हा शब्द आपल्या सार्वजनिक व्यवहारात रूढ झाला. अनुशेष म्हणजे द्यावयाचे राहून गेलेले. गडचिरोलीला वा बीडला आपण 'मदत' करतो असे न म्हणता अनुशेष 'भरून काढतो' असे म्हणावयास आपण शिकलो. तो पुरता भरला नाही, ही गोष्ट निराळी. पण शब्द बरोबर सापडला होता. पुण्याने गडचिरोलीविषयी जो शब्द मान्य केला, तो मुंबईने बिहारविषयी अमान्य करावा, याला राज्याच्या सीमारेषेवाचून दुसरे कोणते कारण आहे? आणि एक राष्ट्र म्हणवून घेणाऱ्या समाजात ती रेषा न्यायाचीही सीमा ठरावी काय?

आपल्या पूर्वजांनी मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले. ज्यांचे आपण कधी काही उसने घेतले नाही, त्यांचेही आपण देणे लागतो, हा त्या कल्पनेतील मर्मार्थ आहे. संपन्न प्रांतात जन्मलेल्या प्रत्येकाच्या माथी असे एक चौथे ऋण असते. ते नेमके किती, ते कोणत्या मार्गाने फेडावे आणि त्याची पावती कोणाकडून घ्यावी, यांविषयी अर्थशास्त्रज्ञांनी खुशाल वाद घालावा. तो वाद आवश्यकच आहे. पण तो ऋणाचा वाद म्हणून व्हावा. सावकाराच्या दारी रक्कम मोजताना औदार्याचा आव आणणारा मनुष्य आपणांस हास्यास्पद वाटतो; आपल्याच देशबांधवांसमोर आपण तशा आवेशात उभे राहू नये.