हळू आवाजाचा हक्क

सीमाभागात वाढलेल्या माणसाला आवाज चढवायची सवय लहानपणीच लागते. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीच्या कागदावर आणखी तिसरेच काही. या गलबल्यात आपले म्हणणे पोहोचवायचे तर मोठ्याने बोलावे लागते. मीही तसाच बोलत आलो.

१९९१ साली पुण्यात एम. ए. करीत असताना वसतिगृहातल्या एका मित्राने मला एक कॅसेट भरून दिली. ती लावली, तेव्हा प्रथम वाटले की टेपरेकॉर्डरच बिघडला. 'यंग मार्बल जायंट्स' हा वेल्समधल्या कार्डिफ शहरातला तिघांचा संच. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे भाऊ, आणि गाणारी अ‍ॅलिसन स्टॅटन. एकाची गिटार व ऑर्गन, दुसऱ्याची बेस गिटार. ढोलताशाच्या जागी यंत्रातली बारीक टिकटिक. पंकवाल्यांनी प्रस्थापितांविरुद्ध कंठशोष करून नुकतेच ब्रिटन दणाणून सोडले होते. या तिघांनी बंड केले ते आवाज कमी करून. १९८० मध्ये लंडनच्या 'रफ ट्रेड'ने त्यांची 'कोलोसल यूथ' ही तबकडी काढली. पंधरा गाणी, आणि ध्वनिमुद्रण अवघ्या पाच दिवसांचे. पुढे लवकरच संच मोडला. पूर्ण लांबीची तबकडी तेवढी एकच.

स्टॅटनचे गाणे म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी भाजी निवडता निवडता स्वतःशी गुणगुणावे तसे. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत. 'फायनल डे' हे त्यांचे गाणे दोन मिनिटांचेही नाही. विषय अणुयुद्धाने होणारा जगाचा शेवट. पाठीमागे एक बारीक, उंच सूर अखंड चालू असतो. आपला तंबोरा गायकाला आधार देतो. हा सूर ऐकणाऱ्याचा आधार काढून घेतो. एवढा भयंकर विषय, पण बाई आवाज चढवीत नाहीत. मग आपणच टेपजवळ सरकतो. ओरडणारा ऐकणाऱ्याला काही काम उरू देत नाही. हळू बोलणारा निम्मे काम आपल्यावर सोपवतो.

हे मला रात्री, खोलीचे दार लावून, उत्तम कळत होते. दिवसा कळत नव्हते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी गाण्याची निवड माझ्याकडे होती. आठवीतली एक मुलगी आली. घरात आई कानडी, वडील मराठी. तिने अभंग म्हटला, सुरात, पण अगदी हळू. मी म्हणालो, "बाळ, मागच्या बाकापर्यंत पोहोचायला हवे," आणि तिचे नाव खोडले. शाळेत ती पुन्हा गायली नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, हळू बोलून न्याय कुणाला मिळाला आहे? आपल्या भागात तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हक्कासाठी ओरडावे लागते हे खरेच. पण कुणाला ओरडावे लागते, तेव्हा ती बहुधा त्याची खोड नसते. समोरच्याने आधी ऐकलेले नसते. बोलणाऱ्याने आवाज वाढवावा, हा उपदेश आपण सर्रास करतो. ऐकणाऱ्याने पुढे सरकावे, हे मात्र कुणी शिकवीत नाही. 'निर्वाणा'चा कर्ट कोबेन स्वतः कानठळ्या बसवणारे संगीत करी. पण आपल्या आवडत्या तबकड्यांत त्याने 'कोलोसल यूथ'चे नाव आवर्जून घेतले. मोठ्या आवाजाच्या माणसालाही हळू ऐकू येऊ शकते. ऐकायचे मात्र मनात असावे लागते.

चार वर्षांपूर्वी बसस्थानकावर ती मुलगी भेटली. सोबत तिची लेक. वाकून नमस्कार करून म्हणाली, "सर, ही मात्र मोठ्याने गाते हं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

यंदा निवडीच्या दिवशी मी वर्गातला पंखा बंद करायला लावला आणि माझी खुर्ची गाणाऱ्या मुलांपासून हातभर अंतरावर ओढून घेतली. शिक्षकांना वाटले, हेडमास्तरांना आता कमी ऐकू येते. त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही.