थंडी, जाग आणि भान

“मामा, एसी १८ वर ठेवून झोप. थंडीत स्वप्नातसुद्धा डोकं ठिकाणावर राहतं,” असं भाचा म्हणाला, तेव्हापासून ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळण्याचा अनुभव पुष्कळांना ठाऊक असतो. त्याचं श्रेय थंडीला देणं मला खटकलं.

शरीराची रीत याच्या उलट आहे. ठसठशीत स्वप्नं बहुतेक रेम (डोळ्यांच्या जलद हालचालींच्या) झोपेत पडतात आणि त्याच झोपेत मेंदू तापमान सांभाळण्याचं काम जवळजवळ सोडून देतो. कुडकुडणंही थांबतं. म्हणून गारठा वाढला की रेम झोपच कमी होते. स्वप्नच आखूड झालं, तर त्यात भान यायला सवड कुठली?

भाचा जाग आणि भान यांची गल्लत करतो. जागेने स्वप्न मोडतं. भान ते न मोडता येतं. इथे थोडं विषयांतर करतोच. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्या झोपेची नोंद घेतली. आधी ठरल्याप्रमाणे वर्स्लींनी स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली. यंत्रावर मात्र रेम झोपच दिसत होती. अंग लुळं, फक्त डोळे मोकळे, आणि तेवढ्यावर माणूस स्वप्नातून बाहेर निरोप धाडतो! चंद्रावरच्या पहिल्या पावलाइतकीच ही घटना मला मोठी वाटते.

पण जाग आणि भान खरंच इतकी परकी आहेत का? असं स्वप्न पडावं म्हणून पहाटे उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं, हा आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय. पहाटे रेमचे टप्पे लांबतात, शरीरही सर्वांत थंड असतं. पांघरूण सरकून त्याच वेळी हुडहुडी भरली, तर थंडीनं चांगलंच काम केलं म्हणायचं. म्हणजे जाग भानाची वाट मोकळी करू शकते, हे मला मानावं लागतं.

पुढची झोप मात्र ऊब मागते. तिबेटी परंपरेत नारोपांच्या सहा योगांमध्ये अंतर्गत उष्णतेचा तुम्मो आधी येतो, स्वप्नयोग नंतर. तुम्मो साधकांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढल्याची नोंद हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. हिमालयातल्या या माणसांना थंडी फुकट मिळत होती. कमावली त्यांनी ऊब.

तेव्हा गारव्यानं उठावं आणि रजईत परतावं. शिरताना मोडलेलं स्वप्न आठवून ‘पुढच्या वेळी ओळखीन’ असं मनाशी पक्कं करायचं. स्वप्नात भान आणण्याच्या स्टीफन लाबर्ज यांच्या पद्धतीचा सगळा भार या निश्चयावर आहे, आणि दातावर दात आपटत असताना तो धरून झोपी जाणं कठीण.